दोन लेकरं, दोन कार सीट: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पोळ्याच्या सुमारास आम्ही दोन कार सीट, म्हणजे लेकरांना गाडीत पट्ट्याने बांधून बसवायच्या सीट, घेतल्या. तेव्हा मोठी अडीच वर्षांची होती आणि धाकटा पाच महिन्यांचा. आता मोठीला तीन वर्षं चार महिने झाले, धाकटा पंधरा महिन्यांचा आहे. मधल्या दहा महिन्यांत पावसाळा, थंडी आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा या सीटांनी काढला. घेताना मला जे कोणी सांगितलं नाही, ते लिहून ठेवते आहे.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, माझं माहेर वर्ध्याला. महिन्यातून एकदा तरी यवतमाळ, कळंब, देवळी असा रस्ता होतोच. लसीकरण, लग्नं, तेरवी, सगळं त्याच रस्त्यावर. गाडी २०१६ ची, सेकंडहँड घेतलेली छोटी हॅचबॅक. मागे खिडकीकडच्या दोन जागांना खांद्यावरून येणारा पट्टा आहे, मधल्या जागेला फक्त कमरेचा. आयसोफिक्सचे, म्हणजे लेकराची सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक नाहीत. हे आधी बघा. सीट आणि बॅकरेस्टच्या फटीत हात घालून लोखंडी कडी लागते का ते तपासायचं. नसेल तर गाडीच्या पट्ट्याने बसणारी सीटच घ्यावी लागते, आणि तशी सीट नीट आवळून बसवली तर ती कमी दर्जाची नसते.

घरात पहिला प्रश्न आला तो मांडीचा: लेकराला मांडीवर घेता येतं, मग सीट कशाला? सासूबाई म्हणाल्या, "पाच पोरं बंडीत वाढवली आमी, एकालेही असं बांधलं नाही." त्यांचं खोटं नाही. पण बंडी बैलाच्या चालीने जाते आणि आमची गाडी देवळीच्या पुढे ऐंशीने जाते. मी त्यांना हिशेब करून दाखवला. पन्नासच्या वेगातली गाडी कशावर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं लेकरू हातात जवळजवळ दीड क्विंटलाइतकं जड होतं. दीड क्विंटल कापूस मिठीत धरून ठेवणारा माणूस आमच्या गावात नाही. मांडीवर बसलेलं लेकरू सुटतं, किंवा आपल्या आणि पुढच्या सीटच्या मधे चेंगरतं. आपल्याच पट्ट्यात लेकराला घेऊन बसणं तर त्याहून वाईट, कारण मग आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं.

पहिली खरेदी आमची चुकली. ऑनलाइन १४०० रुपयांत एक कापडी गादी मिळत होती, चार पट्टे, मागे बांधायला बंद. हातात आल्यावर कळलं की ती गाडीला पक्की धरतच नाही. उलटून पालटून पाहिली, कुठल्याच मानकाचा शिक्का नव्हता. परत केली. खऱ्या सीटवर नारिंगी रंगाचं लेबल असतं, त्यावर गोलात ई हे अक्षर, ईसीई आर४४/०४ असा युरोपातल्या मानकाचा क्रमांक आणि किलोमध्ये वजनाचा गट. नवीन मानक आर१२९ आहे, त्यात गट उंचीवर ठरतो आणि बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२. यातलं एकही नसेल तर ती सीट नाही, गादी आहे.

पुण्याच्या चुलत जावेने तिची जुनी सीट देऊ केली होती. खालच्या प्लॅस्टिकवरची तारीख पाहिली तर मुदत संपलेली होती, आणि मधे त्यांची गाडी एकदा ठोकलेली. प्रेमाने दिलेली वस्तू नाकारताना जिवावर आलं, पण ठोकलेल्या गाडीतली सीट पुन्हा वापरायची नसते. आतला तडा बाहेरून दिसत नाही.

शेवटी धाकट्यासाठी उलटी-सुलटी दोन्ही बसणारी घेतली. १३ किलोपर्यंत उलटी, म्हणजे तोंड मागे, आणि पुढे १८ किलोपर्यंत सुलटी. ११ हजार पडले. मोठीसाठी ९ ते ३६ किलोची, ९ हजारांची. ती १८ किलोपर्यंत स्वतःच्या पाच पट्ट्यांवर चालते, नंतर गाडीच्या पट्ट्यासोबत. एका हंगामात वीस हजार काढणं आमच्यासारख्यांना सोपं नाही. म्हणून आधी धाकट्याची घेतली, मोठीची पंधरा दिवसांनी. कुरिअर गावात येत नाही, तालुक्याहून आणावं लागलं.

बसवण्यात आमचे दोन रविवार गेले. धाकट्याच्या सीटवर पट्टा ओवायच्या दोन वाटा आहेत, उलटीसाठी निळी खूण आणि सुलटीसाठी लाल. आम्ही सीट उलटी ठेवली आणि पट्टा लाल खुणेतून ओवला. दिसायला पक्की दिसत होती. आठ दिवस तशीच वापरली, मग एका रात्री पुस्तिका वाचताना लक्षात आलं. ती चूक आठवली की अजून पोटात गोळा येतो. आता पद्धत ठरली आहे. यांनी सीटवर गुडघा रोवून पूर्ण वजन टाकायचं, मी पट्टा ओढायचा. मग पट्टा जिथून जातो तिथेच सीट धरून हलवायची. बोटभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा. उलट्या सीटला पट्टा लांब लागतो आणि आमच्या गाडीत तो जेमतेम पुरतो, तेव्हा विकत घेण्याआधी पुढच्या माणसाच्या मागची जागा आणि पट्ट्याची लांबी मोजून घ्या. उलटी सीट पुढे, एअरबॅग असलेल्या जागेवर तर कधीच ठेवू नका. एअरबॅग उघडली की ती सीटच्या पाठीवर, म्हणजे लेकराच्या डोक्यामागेच आपटते.

उलटी का, हे सगळे विचारतात. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड, मान कोवळी. गाडी कचकन थांबली की सुलट बसलेल्याचं डोकं पुढे झोकतं आणि सगळा ताण मानेवर. उलटा असला तर डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या कवचात दाबली जाते. आर४४ मध्ये ९ किलोला सुलटं करायची मुभा आहे, आर१२९ मध्ये १५ महिन्यांच्या आत नाही. आमचा आता साडेनऊ किलो आहे आणि १५ महिनेही झाले, तरी मी सुलटा केलेला नाही. पाय दुमडतात म्हणून लोक हळहळतात. पाय दुमडून तो मजेत बसतो. डोक्याचं टोक कवचाच्या वरच्या कडेपासून इंचभर राहिलं की मग बदलीन.

कार्तिकात एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही. वर्ध्याहून परत येत होतो, दिवेलागणीची वेळ. दोन्ही बाजूंना उभी तूर. हे गाडी चालवत होते, मामाजी म्हणजे माझे सासरे पुढे, मी मागे दोन्ही सीटांच्या मधे. तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, एकदम रस्त्यावर आला. साठ-पासष्टचा वेग असेल. ब्रेक इतक्या जोरात लागला की माझ्या पायाशी ठेवलेली स्टीलची पाण्याची बाटली पुढे जाऊन गिअरवर आपटली. मला फक्त कमरेचा पट्टा, माझी हनुवटी पुढच्या सीटला लागली. मोठी पट्ट्यावर आदळली, रडली, घरी येऊन झबलं काढलं तर खांद्यावर लालसर रेघ होती, सकाळी गेली. धाकट्याची झोपमोड झाली, बाकी काही नाही. रोही निघून गेला. घरी आल्यावर मामाजी बराच वेळ ओसरीवर नुसते बसून होते. मग मला म्हणाले, "माह्या मांडीवर असता तं?" त्या दिवसानंतर घरात या विषयावर वाद झाला नाही.

आता तक्रारी. पहिली ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला जातो आणि दोन्ही सीटांचं कापड काळं, जाड, पॉलिस्टरचं. अक्षय्य तृतीयेला लिंबाखाली गाडी लावली होती, सावली सरकली. मोठीला बसवलं आणि ती किंचाळली. बकलचं लोखंड मांडीला टेकलं होतं, रुपयाएवढा लाल डाग उठला. तेव्हापासून उतरताना दोन्ही सीटांवर मामाजींचा पांढरा दुपट्टा झाकते आणि बसवण्याआधी बकल हाताला लावून बघते. घामोळ्यांसाठी सासूबाईंनी जुन्या सुती लुगड्याचं एकेरी कापड पट्ट्यांच्या जागी फटी ठेवून शिवलं. जाड गादी शिवायची त्यांची इच्छा होती, मी नको म्हटलं. पाठीमागे जाड काही असलं की धडकेत ते दबतं आणि पट्टा ढिला पडतो. थंडीतल्या स्वेटरचंही तेच. आधी पट्टा, मग वरून दुलई. पट्टा किती घट्ट, तर खांद्यावर चिमटीत धरता येऊ नये इतका.

दुसरी तक्रार बकलची. मोठी गाडीत संत्रं खाते. रस आणि मुरमुऱ्यांचा चुरा आत जाऊन मार्चमध्ये बकलचा खटका लागेनासा झाला. गॅरेजवाला तेल सोडत होता, मी थांबवलं. पुस्तिकेत तेल नको असं स्पष्ट आहे. बकल कोमट पाण्यात धरून वीसेक वेळा दाबलं, तांबूस पाणी निघालं, वाळवलं, खटका पुन्हा वाजायला लागला. पट्टे साबणात भिजवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. कव्हर मात्र निघतं आणि धुतलं जातं.

रडणं सुरुवातीचे तीन आठवडे होतं, धाकट्याचं जास्त. त्याला माझं तोंड दिसतं अशा बाजूला बसायला लागल्यावर कमी झालं. दीड तासाच्या वर आम्ही सलग नेत नाही. कळंबला चिंतामणीच्या देवळापाशी थांबतो, दोघांना काढतो, पाठ मोकळी करतो. रडतोय म्हणून चालत्या गाडीत काढायचं नाही, गाडी थांबवूनच.

काळी-पिवळीने, म्हणजे सवारी भरून नेणाऱ्या जीपने, जायची वेळ आली तर यातलं काही करता येत नाही. तिथे पट्टेच नसतात. म्हणून लेकरं सोबत असताना जमेल तितकं मी ते टाळते.

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय नेलं तर कलम १९४-ब खाली १००० रुपये दंड आहे. आम्हाला या रस्त्यावर यासाठी कोणी अडवलं नाही.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर मोठीची हीच घेईन. तिचं वजन साडेतेरा किलो आहे, पाच पट्टे अजून बरेच दिवस पुरतील. धाकट्याची मात्र वेगळी घेईन, १८ किलोपर्यंत उलटी चालणारी. चार हजार जास्त पडतात आणि आमच्या गाडीत पुढची सीट आणखी दोन बोटं सरकवावी लागेल. मामाजींना विचारलं, त्यांचे गुडघे पुढे टेकतात. ते म्हणाले, "सरकव."