सरसकट खत की जागेनुसार खत?

शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या काळ्या रानात वरच्या अंगाला निचरा बरा असतो, तर खालच्या सखल पट्ट्यात पाणी साचून जमीन क्षारपड होते. तरीही पाटीतला युरिया दोन्हीकडे सारख्याच मुठीने पडतो. सरसकट पद्धतीला यंत्र लागत नाही आणि काम लवकर उरकते, हे खरे. पण जिथे उसाची मुळेच खत उचलू शकत नाहीत, तिथे ४५ किलोंच्या पोत्यातील सुमारे २१ किलो नत्राचा बराच भाग वाया जातो, याची खंत वाटते.

जागेनुसार पद्धतीत जीपीएसने नोंदवलेल्या ठिकाणांचे माती नमुने तपासून नकाशा तयार होतो आणि ट्रॅक्टरमागचे यंत्र त्याप्रमाणे चालता चालता मात्रा कमी-जास्त करते. साध्या जीपीएसची चूक काही मीटरांची असते, आरटीकेची, म्हणजे जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेणाऱ्या जीपीएसची, काही सेंटिमीटरची. २० गुंठ्यांचे चौरस रान जेमतेम ४५ मीटर रुंद, त्यामुळे हा फरक क्षुल्लक राहत नाही. शिवाय वाढलेल्या उसात ट्रॅक्टर शिरत नाही.

म्हणून लहान रानात मोबाइलवर पट्टे आखून, बांधाला खुणा करून, प्रत्येक पट्ट्याचे खत वेगळे मोजून हातानेच टाकणे मला अधिक योग्य वाटते. यंत्र मात्र सलग मोठ्या क्षेत्रावर किंवा शेतकऱ्यांनी मिळून घेतले, तरच परवडेल.