सासऱ्यांचा जुना संगणक नव्या यंत्रात हलवला : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नौपाड्यातील आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची ठरली, तेव्हा घोडबंदर रस्त्यावरच्या भाड्याच्या घरी काय न्यायचे आणि काय भंगारात द्यायचे, याची यादी सासूबाईंनी केली. त्यात बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, संगणक दुसऱ्या रकान्यात होता. बाबांनी तो स्वतःच्या हाताने पहिल्या रकान्यात लिहिला. सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून आयुष्य गेलेले आणि निवृत्तीनंतर सोसायटीचे चिटणीसपद सांभाळणारे बाबा 2010 सालापासून त्याच यंत्रावर काम करीत होते. 2 जीबी मेमरी, 320 जीबीची हार्ड डिस्क आणि 32-बिट विंडोज 7 असा तो ऐवज होता (बिट म्हणजे संगणक एका वेळी किती मोठी माहिती हाताळतो त्याचे माप; 16 सर्वांत जुने, मग 32, आता 64). डिस्क मधूनच टकटक आवाज करू लागली होती, आणि टेम्पोतून घोडबंदरच्या खड्ड्यांतला प्रवास ती सोसेल याची मला खात्री नव्हती.

स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने नेहमीचा सल्ला दिला. डॉक्युमेंट्सचे फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि जुने यंत्र सोडून द्यायचे. हा सल्ला मी मानला असता, तर निम्म्याहून अधिक कागदपत्रे गेली असती. बाबांच्या फायली डॉक्युमेंट्समध्ये फारशा नव्हत्याच. काही डी ड्राइव्हवर होत्या, काही डेस्कटॉपवर, आणि सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते मराठी टंकलेखनाच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरात, सी ड्राइव्हच्या तळाशी पडून होती. वापरणाऱ्यालाच आपल्या फायली कुठे आहेत हे ठाऊक नसेल, तर निवडून नक्कल करण्यात अर्थ नसतो. म्हणून मी संपूर्ण डिस्कचीच प्रतिमा, म्हणजे तिच्यावरील सगळ्याची एका फायलीत हुबेहूब नक्कल, घ्यायचे ठरवले.

पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली सुरू करून मी डीडीरेस्क्यू हे साधन वापरले. ते डिस्कचा धड भाग आधी वाचून घेते, खराब भाग शेवटासाठी ठेवते आणि कुठपर्यंत आलो याची नोंद वेगळ्या फायलीत करते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी पुढे चालू करता येते. मरायला टेकलेल्या डिस्कसाठी हा क्रम फार महत्त्वाचा आहे. बहुतेक सर्व भाग संध्याकाळी दोन-तीन तासांत उतरला, आणि उरलेल्या थोड्याशा भागासाठी अख्खी रात्र गेली. माझी एक चूक सांगून ठेवते. पहिल्या प्रयत्नात बाहेरची डिस्क एफएटी-32 पद्धतीची होती आणि तिच्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हे काम अडल्यावर माझ्या लक्षात आले. शेवटी कोकणातल्या सहलीची दोन छायाचित्रे तेवढी वाचली नाहीत, बाकी सर्व हाती लागले.

नवे यंत्र म्हणून आम्ही वापरलेलेच, पण दुरुस्त करून विकलेले छोटे डेस्कटॉप घेतले. त्यात 8 जीबी मेमरी, 512 जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि विंडोज 11 आहे. जुनी प्रणाली, म्हणजे विंडोज 7, जशीच्या तशी या यंत्रावर उतरवावी आणि मग तिलाच अद्ययावत करावे, असा माझा सुरुवातीचा विचार होता. तो टिकला नाही. विंडोज 11 केवळ 64-बिट स्वरूपातच मिळते आणि 32-बिट विंडोजवरून, आतले प्रोग्राम शाबूत ठेवून, 64-बिटवर जाता येत नाही. शिवाय बाबांचे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर 16-बिट काळातले होते, आणि असे प्रोग्राम 64-बिट विंडोज चालवतच नाही. हे बाबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे घर नवीन, पण देव्हारा नेता येत नाही, असंच ना?”

देव्हारा न्यायचा मार्ग व्हर्च्युअलबॉक्समुळे मिळाला. हे सॉफ्टवेअर एका संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवते. डिस्कच्या प्रतिमेचे रूपांतर आभासी डिस्कमध्ये केले आणि नव्या विंडोजच्या आत एका खिडकीत जुने विंडोज 7 सुरू केले. पहिल्यांदा निळा पडदा येऊन ते बंद पडले, कारण मी डिस्क साटा नियंत्रकाला जोडली होती आणि जुन्या प्रणालीला आयडीई या डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या नियंत्रकाची सवय होती. ती जोडणी बदलताच बाबांचा डेस्कटॉप उघडला. तोच गणपती, त्याच जागी तीच चिन्हे. यंत्र बदलल्यामुळे विंडोज पुन्हा सक्रिय करावे लागले. बाबांची प्रत डब्यातून स्वतंत्र विकत घेतलेली असल्याने तिचा परवाना हलवता येत होता. यंत्रासोबत आलेला परवाना त्या यंत्रापुरताच असतो, हे असे काही करण्याआधी जरूर तपासावे. या आतल्या संगणकाचे इंटरनेट मी पहिल्याच दिवशी तोडले, कारण विंडोज 7 ला सुरक्षेचे सर्वसाधारण अपडेट 14 जानेवारी 2020 पासून मिळत नाहीत.

आमच्या घरी आता ‘आतला संगणक’ आणि ‘बाहेरचा संगणक’ असे दोन शब्द रूढ झाले आहेत. बँक, ईमेल, नातवंडांचे व्हिडिओ बाहेर, इतिवृत्ते आत. दोन्हींमध्ये एक सामायिक फोल्डर आहे. पहिले दोन महिने बाबा जवळजवळ पूर्ण वेळ आतच बसत आणि बाहेर यायला कुरकुरत. आत असताना खिडकी बंद केली की ती ‘स्थिती जतन करू की यंत्र बंद करू’ असे विचारते. घाईत चुकीचे उत्तर दिल्याने त्यांचे एक अर्धे लिहिलेले पत्र गेले, आणि त्या दिवशी मला ऐरोलीच्या ऑफिसात तीन फोन आले. त्यानंतर मी आतल्या प्रणालीला पूर्ण पडदाभर उघडायची सवय लावली, म्हणजे ती खिडकी आहे हेच जाणवत नाही.

खरा गुंता फॉन्टचा निघाला. बाबांच्या फायली युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठराविक क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, म्हणजे संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असून केवळ फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. जुन्या डिस्कमधील फॉन्टच्या फायली बाहेरच्या विंडोजमध्ये बसवताच पत्रे वाचता आली, पण ‘ठराव’ हा शब्द शोधायला गेले की एकही फाइल सापडेना. रूपांतर करणारी साधने आहेत, परंतु ती डोळे झाकून वापरता येत नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे, म्हणजे ‘सर्व’मधल्या डोक्यावरच्या र् चे, नेमके उलट. हा फरक ज्या साधनाने सांभाळला नाही, त्याने ‘चिटणीस’चे ‘िचटणीस’ केले आणि ‘सर्व’चे ‘सवर्’. तीन साधने तपासल्यावर एक बरे निघाले, तरी तक्ते असलेल्या फायली त्यानेही विस्कटल्या.

टंकलेखनाच्या मांडणीचा प्रश्न मी गृहीत धरला नव्हता, तो माझा निष्काळजीपणा. बाबांची बोटे मराठी टंकयंत्रावर घडलेली, आणि विंडोजची प्रचलित मराठी मांडणी इनस्क्रिप्ट, जिच्यात अक्षरे वेगळ्याच कळांवर असतात. ‘आता या वयात बोटं शिकवू नकोस,’ एवढेच ते म्हणाले. मग बाहेरच्या विंडोजमध्ये रेमिंग्टन पद्धतीची, म्हणजे टंकयंत्रासारखी, युनिकोड मांडणी बसवली. चार-दोन चिन्हे वेगळ्या कळांवर आहेत, त्यांचा कागद त्यांनी पडद्याच्या कडेला चिकटवला आहे. याच बदलामुळे चौथ्या महिन्यापासून नवी पत्रे बाहेर लिहिली जाऊ लागली, असे माझे मत आहे. नव्या यंत्राच्या वेगाचे त्यांना फारसे कौतुक नाही.

जुना प्रिंटर मात्र गेला. त्याचा 64-बिट ड्रायव्हर (विंडोजला प्रिंटर चालवता येण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर) नाही, आणि आतून यूएसबीने जोडला तर तो चार पानांनंतर रुसतो. शेवटी आतून पीडीएफ करून नव्या प्रिंटरवर छापतो. दुसरीकडे, अख्खा जुना संगणक आता एकच मोठी फाइल झाल्यामुळे महिन्यातून एकदा ती बाहेरच्या डिस्कवर नक्कल केली की काम भागते. तिसऱ्या महिन्यात सोसायटीच्या लेटरहेडचा नमुना लागला, तोही त्या जुन्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात सापडला.

हे सर्व स्वतः करायचे तर तीन शनिवार-रविवार मोकळे हवेत, आणि ज्याच्या फायली साध्या वर्ड व छायाचित्रांच्या आहेत त्याने आतल्या संगणकाच्या फंदात पडू नये. गेल्या महिन्यात बाबांनी आतला संगणक दोनदाच उघडला. सुमारे चारशे फायलींपैकी साठेक तक्त्यांच्या फायली अजून विस्कटलेल्या आहेत; त्या ते सकाळच्या चहानंतर रोज दोन याप्रमाणे मुळाशी ताडून दुरुस्त करतात. सध्या ते 2013 सालच्या वार्षिक सभेपर्यंत आले आहेत.