हजेरीची वही फोनात आणली: पाडवा ते दिवाळी, साइटवरचा अनुभव

कराडच्या आसपास घरबांधणीची लहान कामं घेतो. एका वेळी दोन-तीन साइट, पंचवीस-तीस माणसं. पाडव्याला साइटचा हिशेब ठेवणारं एक सशुल्क ॲप घेतलं. वर्षाची वर्गणी दोन गवंड्यांच्या आठवड्याच्या मजुरीएवढी पडली. दिवाळीपर्यंत रोज वापरून हे लिहितोय.

पहिले दोन महिने जड गेले. आमचे मुकादम वहीत पेन्सिलीने हजेरी मांडणारे, फोनला हात लावेनात. शेवटी त्यांनी संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि माझ्या मुलीनं घरी नोंदी करायच्या, असं ठरलं. अजून तसंच चालतं. चांगल्या मुकादमाची पद्धत मोडून ॲप चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मालाच्या नोंदीनं सरळ पैसे वाचले. मे महिन्यात 12 मिमी सळईची गाडी आली. चलनावर 2,130 किलो. मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 हे एका मीटरचं किलोतलं वजन, म्हणजे एवढ्या वजनाला 12 मीटरच्या 200 सळया हव्यात. मोजल्या तर 190. चलन आणि फोटो गाडी उभी असतानाच दुकानदाराला पाठवले, पुढच्या खेपेला दहा सळया आल्या. पूर्वी हे स्लॅबच्या वेळी सळई कमी पडली की कळायचं, आणि तोवर दाखवायला हातात काही उरलेलं नसायचं.

बिलांचंही तेच. जीएसटीचा 2बी तक्ता, म्हणजे दुकानदारांनी आपल्या नावावर चढवलेल्या बिलांची यादी, महिन्याच्या 14 तारखेला येतो. ॲपमधली बिलं त्याच्याशी ताडून पाहतो आणि ज्यानं बिल चढवलं नाही त्याला लगेच फोन करतो. लाखाच्या स्टीलमागे 18 हजारांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट असते, आमच्यासारख्याला ते अडकून परवडत नाही.

खटकलेलंही सांगतो. वाळू-खडीसाठी ब्रास हे मापच नाही, घनफूट टाकावे लागतात. मदतीच्या नंबरवर मराठी बोलणारं कुणी नाही. रेंज गेली की नोंद दोनदा चढते, त्यामुळे एका शनिवारी पगाराचा हिशेब चुकला. आता शुक्रवारी रात्री सगळं तपासूनच ठेवतो.

पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. विजापूरकडून येणाऱ्या नवरा-बायकोंची हजेरी आमच्याकडे 'जोडी' म्हणून लागायची आणि पैसे नवऱ्याच्या हातात जायचे. ॲपमध्ये माणशी नाव घालावं लागतं. त्यामुळे बाईची हजेरी वेगळी झाली, उचल वेगळी झाली, ज्यांचं खातं आहे त्यांना पैसेही थेट जातात. हे मी आधीच करायला हवं होतं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. यंदा सहा बायकांना तो तारखांसकट देता आला. चौघींची नोंदणी झाली. दोघींच्या आधारवर नावाची चूक निघाली, ती दुरुस्त करून दिवाळीनंतर पुन्हा अर्ज भरायचा आहे.