मागांच्या शेडसाठी ईएसपी-नाऊ घ्यावं की झिगबी?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांची टॉवेलची शेड आहे, १६ माग. कोणता माग किती वेळ बंद होता हे पाळी संपल्यावर जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्याच्या) तोंडून नको, तेव्हाच्या तेव्हा कळू दे, एवढंच त्यांचं म्हणणं. शेडमध्ये खटखटाट असा की कामगार हातवाऱ्यांनी बोलतात, त्यामुळे बझर बाद. मग प्रत्येक मागावर एक बोर्ड आणि ऑफिसात स्क्रीन असं ठरलं.

आधी सगळे बोर्ड वायफाय राउटरला जोडले. लाईट जाऊन आली की सोळाच्या सोळा एकदम राउटरच्या दारात, आणि चार-पाच बाहेरच. तेव्हा राउटर मधून काढून बोर्डांनी परस्पर बोलायचं ठरलं. त्यासाठी दोन बिनतारी पद्धती समोर होत्या: ईएसपी३२ चिपच्या बोर्डांची आपसात बोलायची ईएसपी-नाऊ, आणि सेन्सर-दिव्यांसारख्या उपकरणांची झिगबी.

ईएसपी-नाऊ स्वस्तात होतं. ईएसपी३२ बोर्ड चार-पाचशेत येतो आणि समोरच्या बोर्डाचा मॅक पत्ता (त्याच्या रेडिओचा स्वतःचा क्रमांक) सांगितला की थेट निरोप जातो. एका निरोपात निदान २५० बाइट मावतात. माग नंबर आणि चालू की बंद, याला चार-पाच पुरतात. पोचला की नाही याची पावतीही पाठवणाऱ्याला मिळते. बोर्डाच्या यादीत २० जोडीदार बसतात, पण इथे प्रत्येक मागाला ऑफिसचा एकच पत्ता लागतो.

मेख चॅनेलमध्ये, म्हणजे वायफायच्या ठरलेल्या लहरपट्ट्यात आहे. दोन्ही बोर्ड एकाच चॅनेलवर हवेत. आमचा ऑफिसचा बोर्ड इंटरनेटसाठी राउटरलाही जोडलेला, म्हणजे चॅनेल राउटरच्या मर्जीचं. एकदा लाईट आल्यावर राउटरने स्वतःहून चॅनेल बदललं आणि सगळे माग मुके! दोन तास मी सोल्डरिंग तपासत बसलो होतो. राउटरला ‘ऑटो’वरून काढून ६ वर बांधलं, विषय संपला.

झिगबीचं कौतुक बहुतेक त्याच्या जाळ्यासाठी होतं. एकाचा निरोप दुसरा पुढे नेतो, भिंतीआडही पोचतो. ईएसपी-नाऊला हे आपसूक येत नाही, कोड आपणच लिहायचा. पण झिगबीत निरोप पुढे नेतात ती कायम विजेवर असलेली उपकरणं. बॅटरीवरची झोपतात आणि फक्त स्वतःपुरतं बोलतात. सगळे सेन्सर बॅटरीवर लावून जाळं तयार होईल अशी आशा धरू नका. शिवाय साध्या ईएसपी३२ मध्ये झिगबीचा रेडिओच नसतो; त्याचा सी६ किंवा एच२सारखा प्रकार घ्यावा लागतो.

आता बॅटरीवर वर्षभर चालणं हा झिगबीचा गुण मागाच्या शेडमध्ये काय कामाचा? लाईट गेली की मागच बंद. वीज प्रत्येक मागापाशी आहेच. म्हणून एका छताखालच्या शेडला मी ईएसपी-नाऊच सांगेन. डाईंग पलीकडच्या इमारतीत असेल, गोदामात प्लग नसेल आणि तिथली आर्द्रता मोजायची असेल, तर झिगबी. मात्र वाटेत विजेवरचं एखादं उपकरण ठेवा.

ब्लूटूथ मेश २०१७ पासून आहे, पण त्यात निरोप चहूकडे उधळत जातो, दिव्यांना ठीक. लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ शेतावरच्या मोटारीसाठी, शेडमध्ये नको.

घेण्याआधी दोनच बोर्ड आणा आणि सगळे माग चालू ठेवून एक पाळी तपासा. मामांच्या कोपऱ्यातल्या १६ नंबरचा निरोप सारखा गळायचा. बोर्ड पत्र्याच्या कपाटामागे होता, त्यावर कापसाचा जाड थर. तीन फूट वर, मागाच्या माथ्यावर सरकवला. तेव्हापासून एकही निरोप चुकला नाही.