खोका इम्पोर्टेड, गाडीखाली रंगवलेली जुनीच स्प्रिंग

मारुतीच्या जिम्नीला ‘लिफ्ट किट’ (गाडी उंच करणारा स्प्रिंगा-शॉकचा संच) बसवायचं बोलणं ज्यांचं कुठल्यातरी दुकानात चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुण्याच्या आसपास अशी दुकानं गेल्या काही वर्षांत बरीच झाली आहेत. सगळेच लबाड आहेत असं नाही, पण माझ्या वाट्याला आलेला भिडू मुरलेला निघाला. त्याची पद्धत इतकी सफाईदार होती की ती सगळ्यांना कळलेली बरी.

पाच दारांची जिम्नी २०२३ च्या जूनमध्ये बाजारात आली. लॅडर चासी (शिडीसारखी लोखंडी चौकट), पुढेमागे सलग अ‍ॅक्सल (दोन चाकांना जोडणारा एकच दांडा), चढ-चिखलासाठी लो रेंजचा गिअर. खरं तर शोरूममधून येते तशीच ती वेल्ह्यापलीकडच्या चिखलात बऱ्यापैकी चालते. पण तंबू, गॅस, पाण्याचे कॅन आणि पोरं घेऊन मुक्कामाला जायचं म्हटलं की टपावर कॅरिअर हवं, चिखलाचे टायर हवेत आणि गाडी जरा उंच हवी असं वाटायला लागतं. मी दोन इंचांचं लिफ्ट किट, २१५/७५ आर १५ मापाचे ऑल-टेरेन टायर, अ‍ॅल्युमिनियमचं रूफ रॅक आणि गाडी ओढून काढायला दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) असं सांगितलं. सगळं मिळून २ लाख ४० हजार ठरले. निम्मे आधी द्यायचे होते.

दुकानदार बोलायला गोड. “सर, २१० चं ग्राउंड क्लिअरन्स डायरेक्ट २६० होणार.” हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर तिथेच सावध व्हा. जिम्नीत सगळ्यात खाली असतो तो अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शिअलचा (चाकांना फिरवणाऱ्या गिअरचा) गोळा. स्प्रिंग बदलली की चासी आणि बॉडी वर जाते. अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यालाच राहतो. त्याला वर उचलतो तो फक्त टायर. मूळचा १९५/८० काढून २१५/७५ घातला तर व्यासात जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे गोळ्याखाली ५ मिलिमीटर. लिफ्टचा फायदा होतो, नाही असं नाही. चढाच्या तोंडाशी बंपर घासत नाही, पोट टेकत नाही. पण २६० हा आकडा निव्वळ थाप.

दुसरी थाप ‘आरटीओ अप्रूव्हड’ची. भिंतीवर फ्रेम करून लावलेला कागद होता आयएसओ ९००१ चा. तो कंपनीच्या कारभाराच्या पद्धतीबद्दल असतो, ती स्प्रिंग गाडीवर बसवायच्या परवानगीशी त्याचा काही संबंध नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे बंपरवर लावायचा मोठा लोखंडी बुलबारही घ्या म्हणून तो मागे लागला होता. त्यावर तर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच बंदी घातली आहे.

आता मूळ खेळ. गाडी दिली त्या सकाळी त्याने माझ्यासमोर सीलबंद खोके फोडले. परदेशी कंपनीच्या पिवळ्या स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, होलोग्रामचं स्टिकर, पार्ट नंबर. “फोटो काढून ठेवा सर, वॉरंटीला लागतात.” काढले. मग मला काचेच्या केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला. आत सोडता येणार नाही, विम्याचा नियम आहे म्हणे. संध्याकाळी गाडी समोर आली ती खरोखर उंच, आणि चाकामागे पिवळ्या स्प्रिंगा. जुने पार्ट मागितले तर तेही लगेच गोणपाटात बांधून डिकीत ठेवून दिले. संशयाला जागाच नाही!

कात्रज बोगद्याच्या पुढे ऐंशीच्या वेगात गाडी सरळ जाईना. स्टिअरिंग सैल, वळवलं की आपण होऊन परत येत नाही, रस्त्यावरचा सांधा लागला की हातात थरथर. दुकानदाराला फोन केला तर, “नवीन टायर आहेत सर, हजार किलोमीटर चालू द्या.” मी थेट दुसरीकडे अलाइनमेंटला गेलो. मशीनच्या कागदावर कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कललेला कोन, लाल रंगात. सलग अ‍ॅक्सलची गाडी उचलली की अ‍ॅक्सल किंचित फिरतो, कॅस्टरचा कोन कमी होतो, आणि चाकाची स्वतःहून सरळ यायची ओढ जाते. त्यासाठी वेगळे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) घालावे लागतात, तसंच अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो म्हणून त्याला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉडही लांबी बदलता येणारा लागतो. माझ्या कोटेशनमध्ये दोन्हीचे पैसे लावलेले होते. गाडीखाली दोन्हीचा पत्ता नव्हता.

चाक काढल्यावर तिथल्या पोराने नखाने स्प्रिंग खरवडली आणि म्हणाला, “दादा, ह्यात नवीन काय आहे?” पिवळ्या रंगाची पापुद्र्यासारखी साल निघाली. खाली कंपनीचा काळा रंग, त्यावर कारखान्यात मारतात तसे दोन रंगीत ठिपके. ब्रेकच्या होजवरसुद्धा पिवळ्या स्प्रेचे शिंतोडे उडालेले. स्प्रिंगच्या वर रबरी टोपीखाली लपवलेला स्पेसर. गाडी उचलली होती ती त्या ठोकळ्याने. शॉकही मूळचेच, वर पिवळा बूट (रबरी आवरण) चढवलेला. स्पेसर लावून जुनाच शॉक ठेवला की तो कायम ताणलेला राहतो, चाक खड्ड्यात उतरताना खटकन शेवटाला आपटतो. खऱ्या ट्रेलवर तो किती टिकला असता कोण जाणे.

मग गोणपाट सोडलं. चार स्प्रिंगा, चारही एकाच मापाच्या. जिम्नीच्या पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. ह्या भलत्याच कुठल्यातरी गाडीच्या होत्या.

बाकीचं मग उलगडत गेलं. टायरवर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. माझ्या चारही टायरची ती बाजू आतल्या अंगाला फिरवलेली. आकडा १८१९, म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. ‘अ‍ॅल्युमिनियम’च्या रॅकला फ्रिजवरचं चुंबक चटकन चिकटलं. हे वजन फुकटचं नाही. जिम्नी स्वतः साधारण १२०० किलोची, भरल्यावर मुभा १५४५ पर्यंत. चार माणसं, लोखंडी रॅक आणि तंबू एवढ्यातच ती बहुतेक संपते. शॅकल मात्र जिवावर बेतणारे होते. चांगल्या शॅकलच्या अंगावरच भाराची मर्यादा उठावाने उमटवलेली असते, पाऊण इंचीवर ४.७५ टन. माझ्या शॅकलवर ती स्टिकरने चिकटवलेली होती. रुतलेली गाडी ओढताना असला शॅकल तुटला तर गोळीसारखा येतो.

बिल मागितल्यावर ‘अ‍ॅक्सेसरीज व मजुरी’ एवढंच लिहिलेला कच्चा कागद मिळाला. पैसे यूपीआयने दिले होते आणि कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, म्हणून निभावलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वकिलाची नोटीस गेल्यावर टायरचे पैसे परत आले, किटचे नाहीत. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तिथे फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं.

दुकानदाराचं लेखी उत्तर आलंय. खरं किट मीच काढून विकलं आणि जुन्या स्प्रिंगा रंगवून आणल्या, असं त्याचं म्हणणं आहे! त्यानेच काढायला लावलेल्या फोटोंतले पार्ट नंबर आम्ही त्या कंपनीच्या भारतातल्या वितरकाकडे पाठवले. ते किट याआधीच दुसऱ्या एका ग्राहकाच्या नावावर वॉरंटीला नोंदलेलं होतं. म्हणजे एकच खोका तो कितीजणांसमोर फोडत होता देव जाणे. वितरकाचं पत्र आणि अलाइनमेंटचा कागद आयोगात जोडलाय. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.