छोट्या लेथचा वेग: डीसी मोटर की व्हीएफडी?

लेथवर फेसिंग करताना, म्हणजे फिरत्या कामाचं तोंड सपाट कापताना, टूल मध्याकडे सरकतं तसा कापण्याचा वेग घटत जातो. अशा वेळी नॉब फिरवून फेरे वाढवता आले, तर पृष्ठभाग एकसारखा येतो. पट्टा एका पुलीवरून दुसरीवर बदलत बसून हे जमतच नाही.

मिनी लेथवर बहुधा ब्रशवाली डीसी मोटर आणि तिचा कंट्रोलर असतो. जागा कमी लागते, वायरिंग सोपं. पण जाड कापात चक (काम पकडून फिरवणारा भाग) अडकला की करंट उसळतो आणि कंट्रोलरमधले मॉस्फेट किंवा थायरिस्टर, म्हणजे करंट नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, जळू शकतात. ब्रश झिजतात ते वेगळंच.

थ्री-फेज इंडक्शन मोटर आणि व्हीएफडी (विजेची वारंवारिता बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण) ही जोडी मला जास्त आवडते. योग्य व्हीएफडी घेतला तर सिंगल-फेज पुरवठ्यावर चालते, ब्रश नाहीत, सुरुवात मऊ होते. मात्र कपॅसिटरवाली सिंगल-फेज मोटर त्याला जोडू नका. ५० हर्ट्‌झची मोटर १५ हर्ट्‌झवर बराच वेळ चालवली, तर शाफ्टवरचा पंखाही मंदावतो आणि मोटर तापते. मोटर चालू असताना ती आणि व्हीएफडी यांच्यामधला स्विच कधीही बंद करू नका. आट्यांवर बसणारा चक असेल तर थांबण्याचा वेळ मोठा ठेवा. झटक्यात ब्रेक लागला तर फिरता चक उलगडून सुटू शकतो, आणि हे खरंच धोक्याचं आहे.

पुल्या मात्र दोन्ही पर्यायांत ठेवाच. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फेरे कमी केले की शक्तीही घटते. मोठ्या व्यासावर किंवा आटे पाडताना लागणारा जादा टॉर्क पट्टाच देतो.