रियाजासाठी परत वायरकडे आले: टाइप-सी टू ३.५ एमएम कनेक्टर, सहा महिने वापरून

हा रिव्ह्यू आहे बोटभर लांबीच्या एका वायरच्या तुकड्याचा. एका टोकाला टाइप-सी पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोन खुपसायचं भोक, बास. कोणी कन्वर्टर म्हणतं, कोणी कनेक्टर, कोणी डोंगल. ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या दुकानातून ८५० रुपयांना घेतला, सहा महिने झाले, आणि गाणं शिकणाऱ्या, वाजवणाऱ्या, घरी बसून रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मी पाचपाखाडीत बाईंकडे शास्त्रीय गाणं शिकते, सहा वर्षं होतील आता. आठवड्यातून दोनदा क्लास आणि बाकीचे दिवस घरी रियाज, त्यातला थोडा रेकॉर्ड करून बाईंना पाठवायचा, त्या रात्री ऐकून व्हॉइस नोट टाकतात. जुन्या फोनला जॅक, म्हणजे हेडफोनचं भोक, होता, वायरचा हेडफोन लावून तबल्याचं ॲप ऐकायचे आणि फोनच्या माईकमध्ये गायचे, रेकॉर्डिंगमध्ये ॲपचा तबला आणि माझा आवाज दोन्ही येतात, कधी काही अडलं नाही. मग नवीन फोन घेतला, त्याला जॅक नाही, म्हणून सगळे घेतात तसे वायरलेस बड्स घेतले. आवाज छान, बेस छान, मी खूश.

पंधरा दिवसांनी बाईंची नोट आली, "अगं, सम कुठे जातेय तुझी? मुखडा घेतेस आणि धा वर उशिरा येतेस. हातावर ताल धरून म्हण जरा." सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, तीनतालात तिथे तबल्याचा धा पडतो, आणि मुखडा म्हणजे बंदिशीचा समेवर आणून सोडणारा तुकडा. मला आधी वाटलं ऑफिसमुळे दमतेय, लक्ष नाहीये. दोन आठवडे रोज नुसता तीनताल हातावर धरून बंदिश म्हटली. परत पाठवली, परत तेच, उशीर. आणि क्लासमध्ये समोर खरा तबला असला की बाई म्हणायच्या, "इथे तर बरोबर येतेयस की!" आपण इतकी वर्षं ताल पक्का करण्यात घालवली आणि आता तोच सुटतोय असं वाटलं की काय होतं ते गाणाऱ्यालाच कळेल. एक दिवस तर तानपुरा बंद करून नुसती बसून राहिले होते.

शेवटी एका रविवारी गायलेच नाही, फक्त टाळ्या वाजवल्या. ॲपवर ठेका लावला, बड्स कानात, आणि प्रत्येक समेला एक टाळी, ते रेकॉर्ड केलं. मग रेकॉर्डिंगचा तो रेषांचा आलेख बोटांनी मोठा करून बघितला. तबल्याच्या धाचा उंचवटा एका जागी आणि माझ्या टाळीचा त्याच्या नंतर, प्रत्येक आवर्तनात, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीत, आणि अंतर दर वेळी तेवढंच. तिथेच कळलं. चूक माझी असती तर कधी लवकर कधी उशिरा झाली असती, माणूस दर वेळी मोजून मापून सारखाच चुकत नाही.

होतं असं की फोनमधला आवाज ब्लूटूथवरून पाठवायचा तर आधी तो कोडेकने, म्हणजे आवाज दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीने, दाबून लहान करावा लागतो, मग तो तुकड्यातुकड्याने हवेतून जातो, बड्समध्ये थोडा साठवला जातो म्हणजे मधे तुटला तरी खंड पडू नये, मग उलगडून कानात येतो. साध्या एसबीसी कोडेकवर या सगळ्यात दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज जातात. पिक्चर बघताना हे कळत नाही कारण व्हिडिओ दाखवणारं ॲप चित्रही तेवढंच मागे ठेवतं. पण मी गातेय ते उशिराने कानात आलेल्या तबल्यावर, आणि माझा आवाज फोनच्या माईकमध्ये जातो त्याच क्षणी, तर रेकॉर्डिंगमध्ये तबला आपल्या जागी आणि मी मागे.

आता दोनशे मिलिसेकंद म्हणजे किती ते तालात मोजून बघा. मिनिटाला १२० मात्रांची मध्यलय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा गेली. द्रुत २४० ला नेली तर मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे अख्ख्या मात्रेला थोडंच कमी! आणि विलंबितात एक मात्राच दोन सेकंदांची असेल तर तो उशीर त्यात जिरून जातो, म्हणूनच संथ बड्या ख्यालाच्या रेकॉर्डिंगवर बाई कधी काही बोलल्या नव्हत्या, जलद छोट्या ख्यालातच ओरडा बसायचा.

बड्समध्ये गेमिंग मोड होता तोही करून बघितला, उशीर कमी झाला पण गेला नाही. महागड्या कोडेकचं नाव ऐकून कोणी फसू नका, एलडीएसी ९९० केबीपीएसपर्यंत जातं हे खरंय पण ते आवाजाच्या दर्जासाठी, वेळेसाठी नाही. कमी उशिराचं ॲपटीएक्स लो लेटन्सी म्हणून एक आहे, पण ते फोन आणि हेडफोन दोघांतही असावं लागतं आणि फोनमध्ये ते क्वचितच सापडतं.

आणखी एक. ऑनलाइन क्लासला किंवा कॉलवर बड्सचा माईक चालू झाला की ब्लूटूथ साधारणपणे गाण्याच्या मोडमधून फोन कॉलच्या मोडमध्ये जातं, त्यात आवाज मोनो होतो आणि वरचं सगळं छाटलं जातं. तानपुऱ्याची जवारी, ती तारांची झणझण, म्हणजे तर सगळा त्या वरच्या स्वरांचाच खेळ, ती गेली की खाली नुसती घूंघूं उरते. बाईंना वाटायचं माझं नेट खराब आहे.

तर मग वायर. आणि इथे मला मनापासून राग येतो तो जॅक काढून टाकण्याचा. ते भोक काही आजचं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बायका ज्या जाड पिना या भोकातून त्या भोकात लावायच्या त्याच पिनेचं हे धाकटं भावंड. १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला त्याला तर दोन जॅक होते, दोघांनी मिळून ऐकायला. तेव्हाचा चांगला हेडफोन आजही जॅकवाल्या फोनला लागेल, इतकी ती गोष्ट सरळ होती. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून जॅक काढला आणि स्टेजवर त्याला धैर्य म्हटलं. मग २०१७ ला गूगलच्या पिक्सेल २ मधून, २०१८ ला वनप्लस ६टी मधून, २०१९ ला सॅमसंगच्या नोट १० मधून गेला. आयफोन ७ सोबत बॉक्समध्ये निदान कनेक्टर तरी मिळायचा, २०१८ पासून तो बंद, आणि २०२० च्या आयफोन १२ पासून इअरफोनही बंद. आतली जागा वाचते, पाणी जात नाही अशी कारणं दिली जातात. जागेचं एक वेळ मान्य करते, पण पाण्याचं काही पटत नाही, सॅमसंगचा एस८ जॅक ठेवूनही आयपी६८, म्हणजे पाणी-धूळ न शिरणारा, होताच. आणि माझ्या आईच्या स्वस्तातल्या फोनला आजही जॅक आहे, ती मजेत वायर लावून कीर्तन ऐकते, तिला यातलं काही माहीत असायची गरजच पडली नाही!

असो, कनेक्टरवर येते. पहिला घेतला तो ठाणे स्टेशनच्या बाहेरून, १२० रुपयांचा. घरी येऊन लावला तर फोनवर मेसेज, ही ॲक्सेसरी चालत नाही. मला वाटलं खराब पीस. दुसऱ्या दिवशी बदलून आणला, तेच. मग नौपाड्यात मोबाइलचं सामान विकणारं एक दुकान आहे, दुकान कसलं, जिन्याखालची दोन माणसांपुरती जागा, तिथे गेले. त्या दादांनी माझ्या हातातला कनेक्टर बघितला आणि म्हणाले, "ताई, ह्याच्यात चिप नाहीये. तुमच्या फोनला डॅकवाला लागणार."

मग त्यांनी समजावलं ते असं. फोनमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं, कानाला लागतो खराखुरा विजेचा कमी-जास्त होणारा सिग्नल, आणि एकातून दुसरं करणारी चिप म्हणजे डॅक. जॅकवाल्या फोनमध्ये ती फोनच्या आत असते आणि थेट भोकाला जोडलेली असते. काही फोन तो तयार सिग्नल टाइप-सीमधूनच बाहेर देतात, त्यांना १२० वाला साधा कनेक्टर चालतो कारण त्यात नुसत्या वायरी जोडलेल्या असतात. बरेच फोन देत नाहीत, त्यांना कनेक्टरच्या आतच चिप हवी. दिसायला दोन्ही अगदी सारखे, आणि पाकिटावर धड काही लिहिलेलं नसतं, म्हणून लोक दोन-दोन तीन-तीन घेतात आणि टाइप-सीला शिव्या देत बसतात.

दादांनी तीन डॅकवाले काढले आणि माझ्याच फोनला माझाच हेडफोन लावून बघू दिलं, घाई नाही, कपाळावर आठी नाही. एकाला आवाज फार बारीक. दुसऱ्याचा आवाज चांगला पण रेकॉर्डिंग करून बघितलं तर शांत, काहीच नाही, कारण माझ्या हेडफोनला माईक नाही आणि फोनला वाटतंय आहे, म्हणून तो त्या नसलेल्या माईकचं ऐकत बसलेला. ही गोष्ट घरी जाऊन कळली असती तर डोक्याला किती ताप झाला असता! तिसरा घेतला तो हा. तुम्ही घ्याल तेव्हा हेडफोनच्या पिनेवरच्या काळ्या रिंगा मोजा, दोन असतील तर तुमचा हेडफोन बिनमाईकचा, तीन असतील तर माईकवाला, आणि दुकानातच दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका, नुसता आवाज ऐकून पैसे देऊ नका.

घरी आल्या आल्या तोच टाळीचा प्रयोग केला. धाचा उंचवटा आणि टाळीचा उंचवटा एकावर एक! शंभर टक्के म्हणणार नाही कारण फोनचा स्वतःचाही थोडा वेळ जातो, पण आलेख मोठा केला तरी डोळ्याला धड दिसेना इतकं कमी. त्याच रात्री यमनची द्रुत बंदिश पाठवली. बाईंची नोट आली, "आता कशी आलीस!" एवढंच. मी ती नोट अजून ठेवलीय.

आवाजाचं म्हणाल तर माझा हेडफोन दहा वर्षांचा आहे, दोनदा कानाच्या गाद्या बदलल्या, एकदा पिनेजवळ वायर तुटली ती डाग देऊन घेतली, दर वेळी शे-दोनशेत काम झालं. तानपुरा परत मोकळा वाजायला लागला. याउलट बड्सचं बघा, डावा आता तासाभरात मरतो. आत नखाएवढी लिथियमची बॅटरी, रोज चार्ज झाली की दमणारच, आणि सगळं चिकटवून बंद केलेलं त्यामुळे कोणी उघडायलाही तयार नाही.

कनेक्टरच्या तक्रारीही आहेत. चार्जिंग आणि हेडफोन एकदम होत नाही, भोक एकच, त्यामुळे रियाजाला बसायच्या आधी फोन चार्ज करून घ्यायचा हे लक्षात ठेवावं लागतं. दोन्ही लागणारे वाय आकाराचे मिळतात पण मला घ्यावासा वाटला नाही. पिनेजवळची वायर नाजूक आहे, चौथ्या महिन्यात तिथे वळ दिसायला लागला म्हणून मी पेनातली स्प्रिंग गुंडाळलीय. खिशात फोन असताना लावला तर पिन हलते, क्षणभर आवाज जातो, आणि त्या पोर्टवर ताण येतो तोच पोर्ट चार्जिंगचाही आहे ही काळजी राहते. म्हणून मी हा फक्त बसून वापरते, फोन स्टँडवर ठेवून.

लोकलमध्ये मात्र बड्सच, तिथे वायर नकोच. मी रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोलीला जाते, सकाळच्या गर्दीत लेडीजमध्ये कोणाच्या पर्सच्या चेनमध्ये वायर अडकली की कानातून हेडफोन आणि हातातून फोन दोन्ही जातात, हे जुन्या फोनच्या वेळी झालेलं आहे. शिवाय नॉइज कॅन्सलिंग गाडीच्या त्या सलग घरघरीवर फार छान चालतं, बायकांच्या गप्पा कमी होत नाहीत पण रुळांचा आवाज खाली बसतो आणि मग गाणं कमी आवाजात ऐकता येतं, कानाला बरं. नुसतं ऐकायचं असेल, कॉल करायचे असतील, तर वायरलेसला माझी काही हरकत नाही. ताल धरून काही करायचं असेल, गाणं, तबला, फोनवरचा कीबोर्ड, नाचाचा व्हिडिओ करताना सोबत टाळी देणं, तिथे वायर लागतेच.

कनेक्टर हरवू नये म्हणून मी तो हेडफोनच्या पिनेलाच कायमचा लावून ठेवलाय, दोघं मिळून तानपुऱ्याच्या मशीनच्या पिशवीत असतात. मागच्या आठवड्यात बाईंच्या दुसऱ्या एका शिष्येची सम उशिरा यायला लागली, ती घणसोलीची, नवीन फोन घेतलाय म्हणे. बाईंनी तिला ताल हातावर धर म्हणून सांगायच्या आधी मला फोन केला, "अगं, ते तुझं वायरचं काय होतं ते हिला सांग जरा." शनिवारी तिला घेऊन नौपाड्यात जातेय, दादांचं दुकान अकराला उघडतं.